रीफ टँकसाठी शांत, लहान मासे: मराठवाड्यातल्या उन्हाळ्यासकट माझा अनुभव

मराठवाड्यात रीफ टँक (कोरल आणि समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक) लावायचा तर माशांची यादी करण्याआधी मे महिन्याचा विचार करावा लागतो. बाहेर पारा 42 अंशांवर आणि टँकचं पाणी हवं 25-26 अंश. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी, आणि खाऱ्या पाण्यात तो आधीच गोड्या पाण्यापेक्षा कमी असतो. त्यात रात्री लाइट गेली की पहिला दम मोठ्या माशांना लागतो. म्हणून माझी पहिली अट म्हणजे मासा पूर्ण वाढला तरी आठ-दहा सेंटिमीटरच्या पुढं जाणार नाही असाच हवा. स्वभाव त्यानंतर बघायचा.

माझा टँक 3 बाय दीड बाय दीड फुटांचा. कागदावर 190 लिटर, पण दगड आणि वाळू वजा जाता पाणी साधारण 155 लिटरच भरतं. एवढ्या पाण्यात सहा-सात लहान मासे पुरे. दुकानदार दहा-बारा सांगेल, पण माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट काढत आपल्याला बसायचंय.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट चालत नाही. घरच्या आरओचंही जसंच्या तसं घेऊ नका. त्यात चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो आणि तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करा, पुढं उरलेले क्षार धरणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य आल्यावरच समुद्री टँकचं मीठ घाला. लिटरला 36-38 ग्रॅम मीठ लागतं, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) 1.025 घनता यायला हवी. सायकल, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजणं, पूर्ण व्हायला चार ते सहा आठवडे धरा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत एकही मासा आणायचा नाही.

थंडाव्यासाठी चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घेण्याआधी पंखे लावून बघा. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळं पाण्यावर तिरके लावलेले दोन छोटे पंखे दोन-तीन अंश सहज उतरवतात. मात्र दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची, शक्यतो ऑटो टॉप-अपनं (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रानं). त्याच खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल तर खोली गार होते, पण हवा दमट होऊन पंख्यांचा गुण कमी होतो. पावसाळ्यातही तेच. इन्व्हर्टरवर हीटर-लाइट नको, फक्त वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) आणि एअर पंप ठेवा.

आता मासे. माझा नियम साधा आहे: प्रत्येकाची राहायची जागा वेगळी पाहिजे. वाळूवर एक, दगडाच्या कपारीत एक-दोन, मधल्या पाण्यात एक-दोन. एकाच जागेवर डोळा असलेले दोन 'शांत' मासेही एकमेकांचे पंख फाडतात.

क्लाउनफिशची जोडी सगळ्यांनाच हवी असते. मागताना 'ऑसेलॅरिस' असं नाव घेऊन मागा. नुसतं 'निमो' किंवा 'क्लाउन' म्हटलं की सेबे, टोमॅटो, मरून असं काहीही हातात येतं, आणि ते सगळे मोठे व भांडखोर होतात. एक ठळक मोठा आणि एक लहान असे दोन कोवळे घ्या. हे सगळे आधी नर असतात. जो वरचढ ठरतो तो मादी होतो. दोन मोठ्या माद्या एकत्र टाकल्या तर एक मरेपर्यंत थांबत नाहीत. हॅचरीत वाढलेले मिळाले तर तेच घ्या, कोरडं खाद्य लगेच धरतात. त्यांना ॲनिमोनी (क्लाउन जिच्यात राहतो तो फुलासारखा समुद्री जीव) लागत नाही, आणि नव्या टँकमध्ये ती आणूही नका. हिंडत हिंडत वेव्हमेकरमध्ये अडकली की सगळं पाणी नासतं.

मधल्या पाण्यासाठी फायरफिश. भित्रा आणि देखणा, पण उडी मारणारा. बोटभर फट मिळाली तरी सकाळी फरशीवर सापडतो. झाकणासाठी खिडक्यांचं काम करणाऱ्या स्लायडिंगवाल्याकडून पावडर कोटेड ॲल्युमिनिअमची चौकट करून घ्या, पण मच्छरदाणीची जाळी लावू देऊ नका. ती प्रकाशही अडवते आणि वाफही. सहा मिलिमीटरची पारदर्शक जाळी लागते. फायरफिश एकच ठेवा, दोनांत बहुधा एक मार खातो.

वाळूवर यलो वॉचमन गोबी. पिस्टल श्रिंपसोबत (बीळ करणारी छोटी कोळंबी) ठेवला तर श्रिंप बीळ खोदतो आणि गोबी दारात पहारा देतो. श्रिंपला दिसतं कमी, म्हणून बाहेर येताना त्याची मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो आणि दोघं आत. हे खोदकाम दगडाखालून होतं, तेव्हा दगड वाळूवर नाही, थेट काचेच्या तळावर टेकवून मग वाळू भरायची.

कपारीसाठी टेलस्पॉट ब्लेनी किंवा रॉयल ग्रामा. ब्लेनी शेवाळ खरवडतो, म्हणून टँक जरा जुना झाल्यावर आणा. ग्रामा आपल्या कपारीपुरता तोंड वासून दम देतो, त्यापलीकडं फारसं काही करत नाही. बांगाई कार्डिनलही चांगला. तो मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांचा आणि तिथं धोक्यात आलेला, म्हणून पैदास केलेलाच मागा.

ज्यांना नाही म्हणायचं त्यांची यादी मोठी आहे. ब्लू डॅमसेल आणि डॉमिनो स्वस्त म्हणून गळ्यात मारतात, नंतर तेच टँकचे मालक होतात. सिक्सलाइन रास तसाच. ग्रीन क्रोमिस थव्यानं छान दिसतात, पण लहान टँकमध्ये एकेक कमी होत शेवटी एकच उरतो. ब्लू टँग फूटभर वाढतो. मँडरिन शांत आहे, पण जिवंत कोपेपॉडशिवाय (पाण्यातले बारीक जीव) उपाशी मरतो. आणि कोणी सी हॉर्स किंवा आपल्या किनाऱ्यावरचं कोरल देऊ केलं तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये सी हॉर्स आणि दगडी कोरल दोन्ही आहेत.

दुकानात गेल्यावर एकच म्हणायचं, "दादा, खायला टाकून दाखवा." जो खात नाही तो घ्यायचा नाही. वरून बघा, डोक्यामागं खड्डा पडलेला नको. कल्ले भराभर हलत असतील किंवा अंगावर मिठासारखे कण असतील तर तो अख्खा टँकच सोडा.

मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं माशांचं पार्सल येतं. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळं अमोनिया तितका जाळत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. बऱ्याच दुकानांत पाणी 1.018-1.020 वर असतं. आधी फोनवर विचारा, क्वारंटाइन टँक (नव्या माशाला आधी वेगळं ठेवायचा टँक) तेवढ्यावर ठेवा, पंधरा मिनिटं पिशवी तरंगवा आणि मासा तेवढा आत सोडा, पिशवीचं पाणी नाही. मग रोज 0.001-0.002 वाढवत 1.025 वर न्या.

क्वारंटाइन किमान चार आठवडे. तांब्याचं औषध द्यायचं तर तिथंच. मुख्य टँकमध्ये ते कोरल आणि श्रिंप दोन्ही मारतं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून तो 76 दिवस बिनमाशांचा ठेवावा लागतो.

सोडायचा क्रम भित्र्यापासून: फायरफिश, गोबी, मग ब्लेनी, ग्रामा, आणि क्लाउन सगळ्यात शेवटी. नवा मासा आधी दोन-तीन दिवस भोकं पाडलेल्या ॲक्रिलिकच्या डब्यात टँकमध्येच टांगा. जुना कोणी डब्यावर धडका देत असेल तर बाहेरून काचेला आरसा लावा, तो प्रतिबिंबाशी भांडत बसतो. तरीही थांबला नाही तर दगड उचकू नका. त्याला पकडायला पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत मायसिस (गोठवलेलं बारीक कोळंबीसारखं खाद्य) टाका आणि टँकला एक दिवस उपास घडवा. दांडगट मासाच बहुतेक वेळा पहिला आत शिरतो. तो दुकानात परत द्यायचा.