ईटीपीच्या वीजमीटरवरची नोंद

मी कॉस्ट अकाउंटंट आहे आणि पुण्यातील आमची छोटी फर्म काही उत्पादक कंपन्यांचे अंतर्गत लेखापरीक्षण करते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ नुसार अंतर्गत लेखापरीक्षक नेमावाच लागतो आणि त्याचा अहवाल संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीपुढे जातो. कोकणातील एका औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या एका रसायन कंपनीचे हे काम आमच्याकडे होते. मे २०२३ च्या अखेरीस झालेल्या तिच्या समितीच्या बैठकीविषयी मला लिहायचे आहे. मात्र त्या बैठकीला मी जो कागद घेऊन गेलो, त्याची सुरुवात त्याआधी महिनाभर झाली होती, आणि तीही संशयाने नव्हे तर कौतुकाने.

त्या वर्षी २६ जानेवारीला कंपनीने या कारखान्याला खर्चबचतीचे बक्षीस दिले होते. सांडपाणी प्रक्रियेचा खर्च त्यांनी जवळपास एक तृतीयांशाने खाली आणला होता. कंपनीचा दुसरा कारखाना गुजरातमध्ये आहे आणि तिथे हाच खर्च वाढत चालला होता. कोकणातल्या लोकांनी नेमके काय केले ते समजून घ्यावे आणि अहवालात दुसऱ्या कारखान्यासाठी तशी शिफारस करावी, एवढाच माझा हेतू होता. म्हणून मी तीन आकडे मागवले: चुन्याची खरेदी, ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या, स्वतंत्र वीजमीटरची युनिटे आणि घातक कचरा म्हणून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवलेल्या गाळाचे वजन.

हे तीन आकडे एकमेकांना बांधलेले असतात. आम्लयुक्त सांडपाणी उदासीन करण्यासाठी चुना लागतो, आणि जितका चुना पडतो तितका गाळ खाली बसतो. त्यापुढच्या जैविक टप्प्यात सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये जिवाणू खातात. त्यांना जगण्यासाठी पाण्यात प्रतिलिटर साधारण २ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो आणि तो ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे यंत्र, पुरवतो. ब्लोअर चालला तर वीज जळते, जिवाणू वाढले तर पुन्हा गाळ निघतो. आमच्यासमोरच्या वर्षात उत्पादन १५ टक्क्यांनी वाढले होते, उत्पादनांची यादी तीच होती, कच्चा माल तोच होता, आणि तरीही चुना, वीज आणि गाळ हे तिन्ही आकडे एकाच वेळी घसरले होते. गाळ तर निम्म्यावर आला होता. एखादा आकडा घसरला असता तर त्याला सुधारणा म्हणता आले असते. तिन्ही घसरतात तेव्हा प्रक्रियाच कमी झालेली असते.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आदल्या वर्षीही मी याच कारखान्याचे लेखापरीक्षण केले होते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मुदतीत आहे, वार्षिक पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपूर्वी भरले आहे आणि प्रयोगशाळेच्या अहवालात सीओडी, म्हणजे पाण्यातील प्रदूषणाचे एक माप, प्रतिलिटर २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेत आहे, हे पाहून मी तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण केली होती. कागद खरोखरच जागेवर होते. वीजमीटरचे रजिस्टर तेव्हाही त्याच कपाटात होते, आणि मी ते उघडले नव्हते.

मे महिन्यात एका रात्री दीड वाजता मी कारखान्याच्या फाटकाशी गेलो. सुरक्षारक्षकाने रजिस्टरमध्ये सही घेऊन आत सोडले. ईटीपीच्या जवळ गेल्यावर ब्लोअरची घरघर ऐकू यायला हवी होती, पण तिथे पूर्ण शांतता होती आणि सडलेल्या अंड्यांसारखा वास येत होता. टाकीतले पाणी काळे पडले होते. १ वाजून ४० मिनिटांनी मी मीटरचा आकडा लिहून घेतला आणि साडेचारला पुन्हा पाहिला तेव्हा तो जवळजवळ तिथेच होता. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी सतत मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर वाहत्या पाण्यात नव्हता. तो शेजारी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवलेला होता. महिन्याभराचा आलेख इतका सपाट का दिसत होता, त्याचे उत्तर त्या कॅनमध्ये होते.

पाळीवर असलेला ऑपरेटर खाडीकाठच्याच गावचा होता आणि त्याचे चुलते अजून खाडीत जाळी टाकतात. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, “साहेब, अकराला बंद करायचा आणि पाचला चालू करायचा, असं सांगितलेलं आहे. लिहून कुणी दिलेलं नाही.” त्याचे नाव कुठेही येणार नाही, असे मी त्याला सांगितले. त्यावर तो एवढेच म्हणाला, “रात्रपाळीला इथं मी एकटाच असतो. नाव नाही आलं तरी कळायचं ते कळेलच.”

बैठक पुण्याच्या कार्यालयात सकाळी अकराला होती. वार्षिक आर्थिक निकाल ३१ मार्चपासून ६० दिवसांत जाहीर करावे लागतात, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यातील या बैठकांना घाईचे वळण असते. निकालांबरोबरच वार्षिक अहवालाचा मसुदाही समोर होता. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल, ज्याला सगळे बीआरएसआर म्हणतात, २०२२-२३ पासून सक्तीचा केला होता, आणि कंपनीचा तो पहिलाच सक्तीचा अहवाल होता. उत्साहाच्या भरात कंपनीने त्यातले ऐच्छिक रकानेही भरले होते. त्यांतल्या एका रकान्यात लिहिले होते की सर्व सांडपाणी जैविक प्रक्रियेनंतरच बाहेर सोडले जाते.

मी माझा एक पानाचा तक्ता ठेवला. त्यात चुना, युनिटे, गाळ, उत्पादन आणि खाली त्या रात्रीच्या मीटरच्या दोन नोंदी होत्या. समितीच्या अध्यक्षांनी, जे बँकेतून निवृत्त झालेले स्वतंत्र संचालक होते, तो पुन्हा पुन्हा वाचला आणि विचारले, “हे तुम्हाला कुणी सांगितलं?” मी म्हणालो, “वीजमीटरने.” ते खरे होते आणि तेवढेच सांगण्याचा मला अधिकार होता.

वित्त विभागाच्या प्रमुखांनी पहिला आक्षेप घेतला. ते काही वाईट गृहस्थ नाहीत, आणि त्यांचा युक्तिवाद अनेक कारखान्यांत मनापासून मानला जातो. त्यांचे म्हणणे असे की आपले पाणी थेट खाडीत जातच नाही, ते वसाहतीच्या सामुदायिक प्रक्रिया केंद्रात जाते, आणि त्यासाठी आपण दरमहा पैसे भरतो. याला उत्तर समितीतल्या दुसऱ्या स्वतंत्र संचालकांनी दिले. त्या रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांनी समजावले की सामुदायिक केंद्र ठरावीक भाराच्या पाण्यासाठी बांधलेले असते आणि ज्या लहान कारखान्यांना स्वतःची पूर्ण यंत्रणा परवडत नाही, त्यांचा तो आधार असतो. एखाद्या मोठ्या कारखान्याने रात्री कच्चे पाणी लोटले तर त्या केंद्रातले जिवाणूही मरतात, आणि मग ज्यांनी आपले पाणी प्रामाणिकपणे साफ करून पाठवले त्यांचेही पाणी घाण होऊनच खाडीत जाते. संमतीची गरज असलेल्या उद्योगाची स्वतःची प्राथमिक यंत्रणा चालू स्थितीत असेल तरच तो उद्योग चालू द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात स्पष्ट केले आहे, हे मी टिपणात जोडलेच होते.

मग कुणीतरी सुचवले की नवीन ब्लोअर आणि टाकीची दुरुस्ती सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे नफ्यातून समाजकार्यासाठी काढाव्या लागणाऱ्या २ टक्के निधीतून करावी, म्हणजे नफ्यावर ताण येणार नाही. ही सूचना चालणारी नव्हती, कारण नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम त्या निधीत धरता येत नाही, असे नियमच सांगतात. पण मला त्यातले वेगळेच काही खटकले. त्याच निधीतून त्याच खाडीकाठच्या गावात शाळेच्या दोन खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांची रंगीत छायाचित्रे मसुद्यात होती. त्या खोल्या चांगल्या आहेत, मुलांना त्यांचा उपयोग होतो. पण ज्यांच्या मुलांना आपण वर्ग बांधून देतो, त्यांच्या जाळ्यात काय येते हे आपल्या मीटरवर अवलंबून आहे, ही गोष्ट त्या अहवालात कुठेच नव्हती.

त्यानंतर अध्यक्षांनी कारखान्याच्या प्रमुखांना व्हिडिओवर घेतले. मला वाटले होते की ते नाकारतील. त्यांनी नाकारले नाही. ते म्हणाले, “सर, युटिलिटीचा खर्च २० टक्क्यांनी कमी करायचं लक्ष्य मला दिलं होतं आणि माझं वार्षिक प्रोत्साहन त्याला जोडलं होतं. वाफ कमी केली असती तर उत्पादन थांबलं असतं. थंड पाणी कमी केलं असतं तर रिअ‍ॅक्टर तापला असता. ईटीपी बंद ठेवली तर दुसऱ्या दिवशी काहीच थांबत नाही.”

अध्यक्षांनी विचारले, “ईटीपी युटिलिटीमध्ये कुणी घातली?”

कंपनी सचिवांनी इतिवृत्ताची फाइल आणली. आदल्या वर्षीच्या बैठकीत मोबदल्याची सूत्रे मंजूर झाली होती आणि सोबतच्या तक्त्यात वाफ, वीज, थंड पाणी आणि सांडपाणी प्रक्रिया हे चारही खर्च एकाच ओळीत होते. मंजुरी संचालक मंडळाची होती. त्या खोलीत बसलेल्या समितीच्या तिघांनीही त्या दिवशी हात वर केला होता. बराच वेळ कुणी बोलले नाही. मी रात्रभर आकडेमोड करून ठेवली होती, ती तेव्हा सांगितली: ४५ किलोवॉटचा ब्लोअर सहा तास बंद ठेवल्याने रात्री सुमारे २५० युनिटे वाचत होती, म्हणजे वर्षाला आठ लाख रुपयांच्या आसपास. गाळाची बचत त्याहून मोठी होती, पण दोन्ही मिळूनही कंपनीच्या नफ्यात ती रक्कम शोधावी लागली असती.

कारखानाप्रमुखांना मी निर्दोष मानत नाही. सेन्सर कॅनमध्ये ठेवण्याचे लक्ष्य त्यांना कुणी दिले नव्हते. पण त्या दिवसापर्यंत मी कंपनीच्या कारभाराचे नियम आणि कारखान्यातले गैरप्रकार यांना दोन वेगळे विषय समजत होतो, आणि त्या इतिवृत्ताच्या पानावर ते एकाच ओळीत लिहिलेले मला दिसले. कंपनी कायद्याच्या कलम १६६ मध्ये संचालकाच्या कर्तव्यात भागधारक, कर्मचारी आणि समाज यांच्याबरोबर पर्यावरणाचे रक्षणही लिहिलेले आहे. कलम १३४ खाली संचालक दरवर्षी निवेदन करतात की सर्व कायदे पाळले जावेत यासाठीची यंत्रणा पुरेशी असून ती प्रभावीपणे चालते आहे. ते निवेदन त्या दुपारी मंजुरीसाठी येणार होते. अध्यक्षांनी ते बाजूला ठेवायला सांगितले.

पुढचे निर्णय भराभर झाले. ईटीपी पूर्ववत होईपर्यंत उत्पादन कमी करायचे, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि सामुदायिक केंद्राला आपणहून लेखी कळवायचे, बीआरएसआरमधला रकाना दुरुस्त करायचा, प्रोत्साहनाची रक्कम रोखायची आणि सांडपाणी प्रक्रिया यापुढे कुठल्याही बचतीच्या सूत्रात धरायची नाही. आपणहून कळवण्यावर सर्वांत जास्त वाद झाला. कायदेविषयक सल्लागारांनी थांबायला सांगितले होते. प्राध्यापिका म्हणाल्या, “आज कळवलं नाही, तर हे यापुढे आपलं सगळ्यांचं गुपित होईल.” त्यावर मतदान घ्यावे लागले नाही.

जिवाणू पुन्हा उभे राहायला पाच-सहा आठवडे लागले. टाकीवरचा फेस तपकिरी झाला आणि वास गेला. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली आणि बँक हमी भरावी लागली. पण एक गोष्ट आमच्या हातून निसटली होती. बैठकीच्या आधीच, मी रात्री येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, त्या ऑपरेटरची बदली बॉयलरवर झाली होती, आणि ते मला जुलैत समजले. तक्रारदाराला संरक्षण देणारी यंत्रणा कलम १७७ नुसार कंपनीत होती, तिचे इंग्रजी पत्रक सूचनाफलकावरही होते. मी अध्यक्षांना थेट पत्र लिहिले, बदली रद्द झाली, धोरण मराठीत छापून प्रत्येक पाळीला वाचून दाखवले गेले. ऑपरेटर मात्र परत आला नाही. बॉयलरवर रात्री दोघे असतात, एवढेच कारण त्याने दिले.

मार्च २०२४ मध्ये पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची बैठक झाली. गाळाचा आकडा दुपटीवर गेला होता आणि ईटीपीचा खर्च पूर्वीपेक्षाही वर होता. नव्याने आलेल्या एका संचालकांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “हा खर्च खाली का आणता येत नाही?” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी चुना, युनिटे, गाळ आणि उत्पादन यांचा एक पानाचा तक्ता त्यांच्यासमोर सरकवला आणि पहिल्या रकान्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली.