गिरणीतली लायब्ररी
(माजी विद्यार्थिनी, दहावी १९८८)

आपल्या शाळेत तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात खिडकीजवळचा बाक मिळावा म्हणून आमची भांडणं व्हायची, कारण तिथून गिरणीची चिमणी दिसायची. बाबा साचा खात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात त्या खात्यात होते. पाळी संपवून घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू असायचे, आई पदराने पुसून द्यायची. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. भोंगा बंद झाला आणि सकाळी उठायचं कधी तेच कळेना. माझी त्या वर्षीची फी बाईंनी भरली, हे मला दहावी झाल्यावर आईने सांगितलं.

२००९ मधे रिसर्चसाठी सहा महिने पॅरिसला गेले, दिदरो युनिव्हर्सिटीत. पहिल्याच दिवशी लायब्ररीचा पत्ता विचारला तर सांगितलं, ग्रां मुलां, म्हणजे मोठ्या गिरण्या! सेन नदीकाठची ही पिठाची गिरणी १९२१ च्या सुमाराला बांधून झाली आणि १९९६ पर्यंत तिथे खरंच दळण चालायचं. युनिव्हर्सिटीच्या जुन्या कॅम्पसमधे अ‍ॅस्बेस्टॉस निघाल्यामुळे त्यांना दुसरी जागा हवीच होती, मग पाडापाडी न करता रूडी रिचोती नावाच्या आर्किटेक्टने बाहेरचं रूप राखून आतून नवी केली आणि २००७ ला मुलं तिथे शिकायला लागली. शेजारच्या इमारतीत पिठाची पोती ठेवायचे, तिथे आता लेक्चर हॉल आहेत. मी त्या लायब्ररीत तासन् तास बसायचे आणि सारखी आपली चिमणी आठवायची. आपल्याकडच्या विव्हिंग शेडना, म्हणजे माग चालायचे त्या शेडना, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असायचं बघा, काचा उत्तरेकडे, म्हणजे दिवसभर सारखा उजेड आणि डोळ्यांवर ऊन नाही, वर्गाला याहून चांगली जागा कुठली असते हो? एका तरी शेडमधे कॉलेज व्हायला पाहिजे होतं, असं मला आजही मनापासून वाटतं. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं फीअभावी दहावीनंतर थांबली, त्यांच्या दारात ते झालं असतं.

त्या रात्री बाबांना फोन करून सगळं सांगितलं. गिरणीत लायब्ररी ऐकून ते खूष झाले, मग थोडा वेळ गप्प. म्हणाले, "आणि कामगार कुठे गेले गं तिथले?"

गिरणी पॅरिसबाहेर जेनविलिएला हलवली, एवढंच मला सांगता आलं.