पिवळी बाटली

माझ्या दवाखान्यात येणारी निम्मी माणसं आजार सांगत नाहीत, ऑर्डर देतात. "मॅडम, एक बाटली लावा." काय होतंय विचारलं तर, "काही नाही हो, अंग मोडून आलंय, हातपाय गळाल्यागत झालेत. पिवळी लावा."

नाशिकच्या मखमलाबाद नाक्याजवळ दवाखाना थाटला त्या पहिल्या आठवड्यात ही पिवळी मला कळलीच नव्हती. मी कंपाउंडरकाकांकडे पाहिलं. काका माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आणि जागेबरोबरच मिळालेले. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "एमव्हीआय, मॅडम." सलाईनमध्ये मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की पाणी केशर घातल्यासारखं होतं. लोकांनी त्यावरून वर्गवारी केलेली आहे: पांढरी साधी, पिवळी ताकदीची. हा रंग मुख्यतः बी-टू जीवनसत्त्वाचा. शरीर गरजेपुरतं ठेवून घेतं आणि बाकीचं थोड्याच वेळात लघवीवाटे बाहेर काढतं. मग रात्री साडेनऊला फोन येतो, "मॅडम, लघवी पार पिवळी होतेय, कावीळ तर नाही ना?" तुमचीच ताकद चाललीय, असं एकदा म्हणून पाहिलं. विनोद अंगाशी आला. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी आणखी एक बाटली लावायला हजर.

खरं तर त्या बाटलीत असतं काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरात साडेचार ग्रॅम मीठ, चमचाभर सुद्धा नाही. ग्लुकोजची घेतली तर पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. नाक्यावर उसाच्या रसाचा एक ग्लास घेतलात तर याहून जास्त पोटात जाते, वर लिंबू आणि आलं फुकट. हे मी पेशंटला सांगते. ते मान डोलावतात, पटल्यासारखं करतात आणि बाही वर करतात.

मातोरीचे एक नाना आहेत, द्राक्षबागायतदार. त्यांना एकदा खरोखरच सलाईनची गरज होती. रात्रभर जुलाब आणि उलट्या, पाण्याचा घोट टिकत नव्हता. बाटली लावली, थोड्या वेळाने नानांना जरा तरतरी आली आणि ते वरच्या चेंबरमधले थेंब जाणत्या नजरेने बघायला लागले. "मॅडम, किती लिटरचा ड्रिपर हा?"

नाशिक जिल्ह्यात ड्रिप म्हणजे ठिबक, हे मला त्याआधी कळायला हवं होतं. नानांच्या बागेत ताशी चार लिटरचे ड्रिपर. मी हिशोब केला. २० थेंबांचा एक मिलिलिटर, मिनिटाला ४० थेंब पडतायत, म्हणजे तासाला १२० मिलिलिटर. नाना कळवळले. "एवढ्यावर वेल सुकायचा की हो!" थोड्या वेळाने त्यांनी पुढची सूचना केली, "मग यातनंच ते पिवळं सोडून द्या. आम्ही १९:१९:१९ सोडतो तसं." ज्यांनी बाग केली नाही त्यांच्यासाठी सांगते, हे पाण्यात विरघळणारं खत असतं, नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात, आणि ते ठिबकमधूनच वेलीच्या मुळाशी जातं. मल्टिव्हिटॅमिनची इतकी नेमकी व्याख्या मला कोणी शिकवली नव्हती.

पण पुढचं ऐका. मी म्हटलं, नाना, तुम्ही खत सोडण्याआधी काही तपासता की नाही? तर नाना दरवर्षी माती तपासतात, पाणी तपासतात, पानाचे देठ काढून प्रयोगशाळेत पाठवतात. कुठलं अन्नद्रव्य किती कमी आहे याचा कागद हातात आल्याशिवाय एक किलो जास्तीचं खत पडत नाही. आणि स्वतःची शुगर? "तीन-चार वर्षं झाली असतील." म्हटलं, आज देठ तुमचे काढते. रक्त घेतलं. आकडा इथे सांगत नाही, पण ग्लुकोजची बाटली लावली नव्हती याबद्दल मी देवाचे आभार मानले.

सलाईनला हे माहात्म्य कुठून आलं, याचा मी कधीकधी विचार करते. थोडा दोष पडद्याचा आहे. एका गाजलेल्या हिंदी सिनेमात तीन भावांचं रक्त एकाच वेळी वर चढून एका बाटलीत जमतं आणि तिथून आईच्या अंगात उतरतं. गुरुत्वाकर्षण त्या दिवशी रजेवर असावं. (सिनेमाचा हा सगळा उद्योग ज्यांनी सुरू केला ते फाळके आमच्या त्र्यंबकचे, तेव्हा तक्रार करायचा हक्क आम्हा नाशिककरांना जरा कमीच.) मालिकांचं तर विचारूच नका. नायिका जिन्यावरून पडते, कपाळाला पट्टी, हाताला सलाईन, लिपस्टिक जागच्या जागी. सासूबाई डोळ्यांना पदर लावतात आणि मी चेंबरकडे बघत बसते. थेंबच पडत नसतो. "अहो, बंद आहे ते!" मी ओरडते. नवरा म्हणतो, "तुला रडायचं नसेल तर निदान आईला तरी रडू दे." मॉनिटरवर सरळ रेष आल्यावर शॉक देतात तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाते. सरळ रेषेला शॉकचा उपयोग नसतो, तिथे छाती दाबायची असते, पण हे ऐकायला तेव्हा घरात कोणी मोकळं नसतं.

शिरेतून मीठपाणी देण्याची युक्ती तशी जुनी. १८३२ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत थॉमस लॅटा नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने ती पहिल्यांदा करून पाहिली. पण मला त्याहून जास्त कौतुक १९७१ च्या एका प्रसंगाचं वाटतं. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. दिलीप महालनोबिस तिथले डॉक्टर. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली, पिंपांना नळ बसवले आणि नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. साखर आतड्याच्या भिंतीतून आत शिरताना मिठाला हाताला धरून नेते आणि त्यांच्यामागे पाणी जातं, एवढंच त्यामागचं शास्त्र. एरवी अशा छावण्यांत माणसं पटापट जायची. तिथे हे पाणी प्यायलेल्यांपैकी शंभरात चारसुद्धा गेले नाहीत. आज तुम्ही ज्याला ओआरएस म्हणता ते हेच. सरकारने त्यांना पद्मविभूषण दिला २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर काही महिन्यांनी.

आणि ओआरएसचं आम्ही काय केलं? एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवून "फार खारट लागतं" म्हणून मोरीत ओतली. नाहीतर ओआरएस असं नाव छापलेली गोड सरबतं दुकानातून आणून जुलाब लागलेल्या पोरांना पाजली. जास्त साखरेने जुलाब वाढतात. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ यासाठी आठ वर्षं भांडत होत्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी मी काकांना पेढे आणायला सांगितले. काका म्हणाले, "कोण पास झालं?"

पण प्यायच्या पाण्याला मान नाही, हे मला रोज दिसतं. मी ओआरएस लिहून दिलं तर ते "नुसतं पाणी". तेच पाणी वरून लटकवलं, नळी जोडली, सुई टोचली की "ट्रीटमेंट". आणि इथे मी पेशंटला हसते खरी, पण सगळी व्यवस्थाच अशी आहे. मेडिक्लेमचा कागद बघा. साधारणपणे २४ तास ॲडमिट असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. तापाच्या पेशंटला घरी जा, आराम करा म्हटलं की चेहरा पडतो. "मॅडम, एक दिवस ॲडमिटच दाखवा ना." फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत धरून आता कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण आहे. बायपास होते, डायलिसिस होतं, अनेकांचे जीव वाचतात, मी डोळ्यांनी पाहते. पण भर सगळा रुग्णालयातल्या उपचारांवर. बायपासची वेळ येऊ नये म्हणून जी बीपीची गोळी रोज घ्यायची, ती तुमची तुम्ही. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. पण रांगेत अर्धा दिवस जातो, आणि अर्धा दिवस गेला की पूर्ण रोज बुडतो.

म्हणजे विमा कंपनी, सरकार आणि घरची सासू यांचं एका बाबतीत एकमत आहे. माणूस आडवा झाल्याशिवाय आजारी नाही.

हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला मी फार तत्त्वाची होते. विनाकारण सलाईन नाही म्हणजे नाही. राज्यातल्या डॉक्टरांच्या डिग्र्या देणारं आरोग्य विद्यापीठ इथून रिक्षाच्या अंतरावर, म्हसरूळला; निदान त्याची तरी लाज राखायची! नाही म्हटलेले पेशंट पुढच्या गल्लीत जाऊन बाटली लावून घ्यायचे आणि जाताना मुद्दाम माझ्या दारावरून जायचे. मग थंडीत एकदा पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आलेल्या टोळीतली एक बाई आली. मणी विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, दिवसभर हात वर करून मांडवाखाली उभं राहायचं. मान आणि पाठ भरून आलेली, बारीक कणकण. तिला मी बराच वेळ समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तासभर पडू तर द्याल ना?"

बाटली लागते तेव्हा नेमकं हेच मिळतं. फिरत्या पंख्याखाली तासभर आडवं होणं. त्या तासात कोणी चहा मागत नाही, मुकादम हाक मारत नाही, पोर अंगावर चढत नाही, कारण हाताला सुई आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जातो त्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळण्याची सोय कायद्यात आहे. टोळीतल्या बाईला आहे ती फक्त बाटली. मी तेव्हापासून आतल्या खोलीतली एक कॉट रिकामी ठेवते. ज्याला पडायचंय त्याने पडावं. काका त्याला "बिनपाण्याचं सलाईन" म्हणतात. ते फारसं चालत नाही, हेही सांगून टाकते. बाटलीशिवाय पडलेल्या माणसाला दहा मिनिटांत अपराधी वाटायला लागतं आणि तो उठून बसतो.

परवा संध्याकाळी एक सून आली, बरोबर सासू. वय असेल अठ्ठावीस. दम लागतो, चक्कर येते, जिना चढवत नाही. पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन ८.२ निघालं. यात नवल काही नाही, आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, सरकारी पाहणीच सांगते. सासूबाई म्हणाल्या, "पिवळी लावा एक, उठून बसेल." मी म्हटलं, मावशी, वरण आधीच पातळ आहे, त्यात आणखी पाणी ओतून कसं चालेल? हा दृष्टान्त त्यांना चटकन पटला. लोहाच्या गोळ्या दिल्या, तीन महिने तरी रोज, चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. जड काम थोडे दिवस कमी करा. "गोळ्याच ना?" सासूबाई उठल्या. "मग काही विशेष नाही," असं म्हणत बाहेर चपला घालायला गेल्या.

सून उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मॅडम, सुई नका टोचू. पण हाताला ती चिकटपट्टी तेवढी लावून द्या ना. कापूस लावून."

मी काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. मी कापसाचा बोळा घेतला, चिकटपट्टी फाडली.

"कुठल्या हाताला?"

"लाटण्याच्या."