मालवणचा पाऊस, जुना लॅपटॉप आणि प्रोटॉन

आठ वर्षांच्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता गेम इसर!" काल भर पावसात, पडवीत बसून त्यालाच रेसिंग खेळायला दिलं.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन, २०१८ पासून आहे. त्यातलं डीएक्सव्हीके विंडोजच्या डायरेक्टथ्रीडीतल्या, चित्र काढायच्या आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलून देतं, म्हणून विंडोजचे गेम इथे चालतात. माझा मात्र उघडतच नव्हता. दोन संध्याकाळी गेल्या. कारण एवढंच, गेम विंडोजच्या जुन्या एनटीएफएस पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) होता! लिनक्सच्या एक्सटी४ पार्टिशनवर नव्याने उतरवला आणि लगेच सुरू झाला. मग मेसा (ग्राफिक्सचे ड्रायव्हर) अपडेट केलं, खेळताना लॅपटॉपचा वेग वाढवणारा गेममोड जोडला. पहिल्या फेरीत शेडर (रंग-प्रकाश दाखवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना गेम थोडा अडखळतो, तेवढं चालवून घ्या. दुसऱ्या फेरीला गाडी सुसाट. भाऊ अजून लॅपटॉपसमोरून उठलेला नाही.