बाराबोअरची लाथ मोठी की रायफलची?

आमच्या राजापूरकडे पीकसंरक्षणाच्या लायसनवर ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) नाहीतर बाराबोअर, म्हणजे छऱ्याची बंदूकच दिसते, त्यामुळे रायफल म्हणजे बार उडताना मागे बसणाऱ्या लाथेने खांदा निखळलाच असं बरेच जण धरून चालतात. आकडे बघा पण (टू-फोर-थ्री वगैरे ही रायफलच्या काडतुसांची नावं, फूट-पाउंड हे झटक्याच्या जोराचं माप). साधारण ३.६ किलोच्या रायफलीत टू-फोर-थ्रीचा झटका ९-१० फूट-पाउंड, थ्री-झिरो-एटचा १७-१८, थर्टी-ऑट-सिक्सचा २० च्या आसपास, आणि आपली बाराबोअर छऱ्याच्या नेहमीच्या काडतुसालाच सहज २० च्या वर जाते! थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह मॅग्नम ४० ला टेकते, पण ती आफ्रिकेतल्या रानरेड्यांसाठी, तिचं इथे काय काम.

आता खांद्याला जे लागतं ते कागदावरच्या आकड्यासारखं नसतंच, कारण बंदूक हलकी असली की तेच काडतूस जास्त दणकवतं, दस्ता (खांद्याला टेकायचा मागचा भाग) मापाचा नसला तर उडून गालफडात बसतो, मागे जाड रबरी पॅड असला तर बरंच सुसह्य होतं, आणि सैल धरलीत तर मग काय, हलकं काडतूससुद्धा खांदा निळा करतं. नवशिक्याने टू-फोर-थ्रीवरच हात बसवावा असं माझं मत, झटक्याच्या भीतीने डोळे मिटायची सवय लागली की मोडत नाही. (आणि हे सगळं रेंजवर हां, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय डुकराच्या वाटेला जाऊ नका.)