सोसायटीचं भांडण आणि रिकामा संच

एमटेकच्या प्रोजेक्टला मी 'संगणकीय युक्तिवाद' घेतला तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे आता कॉम्प्युटर भांडणार?"

साधारण तेच. बँकॉकच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या फान मिन्ह झुंग यांनी 1995 मध्ये मांडलेली कल्पना ऐकायला सोपी आहे: मुद्द्यात काय म्हटलंय ते सोडा, कोणता मुद्दा कोणाला खोडतो एवढंच बघा. मुद्दा म्हणजे ठिपका, खोडणं म्हणजे बाण. 'अ'ला 'ब'ने खोडलं, 'ब'ला 'क'ने, आणि 'क'ला खोडणारं कोणी नसेल तर 'अ' पुन्हा उभा राहतो.

मराठीत आयता डेटा मिळेना. शेवटी आमच्याच सोसायटीच्या सभेतला वाद परवानगी घेऊन, नावं गाळून उतरवला. विषय: कुत्र्यांना लिफ्टमधून न्यायचं की नाही.

मुद्दा, आधार की हल्ला, अशा खुणा करायला आई आणि माझी मैत्रीण वेगवेगळ्या बसल्या. दोघींचं निम्म्याहून जरा जास्त ठिकाणीच जुळलं. त्यातून योगायोगाने जुळलेलं वजा करणारा कोहेनचा 'कप्पा' हा आकडा काढला, तर माझ्या गाइड मॅडमना तो दाखवायची लाज वाटावी. घोळ मुख्यतः 'म्हणे'चा. "लिफ्टला वास येतो म्हणे!" मैत्रिणीने खूण केली 'आधार', आईने 'हल्ला'. आईचं बरोबर होतं. अशा भांडणात 'म्हणे' लागलं की बहुतेकदा वाक्य समोरच्याचं आणि टोला बोलणाऱ्याचा. "मग आजींनी काय जिने चढायचे?" हाही प्रश्न नव्हेच. खुणांचे नियम मी तीनदा नव्याने लिहिले.

मग प्रोग्रॅम चालवला. 'ग्राउंडेड' ही सगळ्यात सावध पद्धत: ज्याला कोणीच खोडलेलं नाही तिथून सुरुवात करायची, आणि त्याने वाचवलेले मुद्दे जोडत जायचे. उत्तर आलं, रिकामा संच, म्हणजे टिकलेला मुद्दा एकही नाही. दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसले. मॅडमनी आकृती पाहिली आणि हसल्या, "कोड बरोबर आहे गं. तुझ्या सोसायटीत न खोडलेला मुद्दाच नाही." आमचे सगळे बाण दुतर्फा होते: तू मला खोड, मी तुला. 'प्रिफर्ड' पद्धत आपसात न भांडणाऱ्या आणि स्वतःचा बचाव करणाऱ्या मुद्द्यांचे होतील तेवढे मोठे संच काढते. तिने दोन संच दिले, म्हणजे सरळ दोन गट. ते तर वॉचमनही सांगेल.

सुटका झाली ती दोघींनीही 'शेरेबाजी' म्हणून वगळलेल्या एका वाक्याने. कोणी म्हणालं होतं, "डॉक्टरांनी सांगितलंय, केसांनी ॲलर्जी होते." त्यावर मागून आवाज: "ते दातांचे डॉक्टर आहेत." ॲलर्जी होत नाही असं हा माणूस म्हणतच नाही, तो आधार आणि निष्कर्ष यांच्यातला दुवाच तोडतो. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन पोलॉक यांनी हा फरक नीट सांगितलाय, आणि आपल्या न्यायशास्त्रातली, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातली, वितंडाही याच जातीची: स्वतःची बाजू मांडायची नाही, समोरच्याची तेवढी पाडायची. हा बाण एकतर्फी असतो. तो घातला आणि संचात दोन मुद्दे आले: दातांचे डॉक्टर, आणि फक्त ॲलर्जीच्या मुद्द्यानेच अडवून धरलेला एक.

बाकी लिफ्ट अधांतरीच. पुढच्या महिन्यात परत सभा आहे, आई म्हणते वही घेऊन बस.