आमचा पॅशिंजर

हजेरीपटावर त्याचं नाव वेगळं होतं, पण आमच्या बॅचमध्ये कोणालाही विचारा, तो पॅशिंजर. स्नेहसंमेलनातल्या स्लो सायकलिंगनं हे नाव दिलं. पाय टेकवायचा नाही आणि शेवटी पोहोचेल तो जिंकला. बाकीची पोट्टी चुन्याच्या पहिल्या रेघेपाशीच भेलकांडायची. हा मागचा ब्रेक अर्धा दाबून ठेवायचा, त्यावर हलकेच पेडल मारायचा, हँडल किंचित डावी-उजवीकडे, नजर थेट समोर. सर शिट्टी तोंडात धरून कंटाळायचे, पण हा काही हलायचा नाही.

चाळिशीत आम्ही दोघं पुन्हा सायकलवर बसलो. 2017 मध्ये आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत एकट्यानं पूर्ण केली आणि आम्हालाही सुरसुरी आली. पहाटे फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ, तिथून अमरावती रोड. रविवारी मनसर, जमलं तर देवलापार. मे महिन्यात तर अंधारातच निघायचं, कारण आठ वाजले की ऊन अंगावर यायचं. परतताना तर्री-पोहे, त्याला वरून पुन्हा तर्री.

मग ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत सायकलनं कापण्याचा नाद लागला. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. मागून मदतीची गाडी नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं, वाटेतल्या ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घ्यायचा. निकालात नंबर नसतो. वेळेत आला की झालं. हे कळल्यावर तो म्हणाला, "हे तं आपल्यासाठीच बनवलं हाये बे!" (हल्ली सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा अॅपवर टाकायला वेग हवा म्हणून भर ट्रॅफिकमध्ये घुसणारे दिसतात. त्यांना एकदा याच्या मागे चालवायला हवं होतं.)

आमच्या 300 च्या वेळी रात्री पेंचच्या पट्ट्यात माझे पाय संपले. महामार्ग 44 तिथे जंगलात उचलून घेतला आहे, खालून जनावरांना वाट ठेवली आहे. मी कठड्याला टेकून बसलो. खायची इच्छा नाही, पाणी नको, झोप मात्र अनावर. त्यानं हँडलच्या पिशवीतून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढली, मीठ-साखरेचं पाणी माझ्या हातात दिलं आणि घड्याळ पाहिलं. "वाघ खालून चालला, आपण वरून. तुले काऊन टेन्शन? खा." मला भीती वाघाची नव्हती, कार्ड बाद होण्याची होती. त्यानं तोंडीच हिशेब केला: ताशी पंधराच्या थोडं वर राहिलो तरी पुरतं, दहा मिनिटं बसायला परवानगी हाये. अकराव्या मिनिटाला उठवलं. पुढचा सगळा रस्ता तो माझ्या पुढे चाकभर अंतरावर वारा कापत राहिला, आणि मी मागे पडलो की न वळताच हळू व्हायचा. त्याला कसं कळायचं, देव जाणे. आम्ही वेळेत पोहोचलो.

एका सीझनमध्ये, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, चारही अंतरं झाली की 'सुपर रॅन्डोन्यूर' होता येतं. त्याचं 200, 300, 400 झालं होतं. 600 च्या तारखा मुलीच्या दहावीत आल्या. मी नाना प्रकारे पटवलं. "पोट्टीची दहावी एकदाच हाये, 600 दरसाल लागते," म्हणाला आणि तिला रोज केंद्रावर सोडायला गेला. तेही सायकलनं, डबलसीट.

पुढच्या पावसाळ्यात पोटाचं दुखणं निघालं आणि दिवाळीच्या आत तो गेला. आजारपणाबद्दल मला इथे लिहायचं नाही.

त्याची मुलगी आता कॉलेजात आहे आणि रविवारी आमच्यासोबत येते. सायकल बापाचीच, फक्त सीट खाली केली आहे. पण चढावर ती कोणासाठी थांबत नाही, थेट वर जाऊन चहा सांगून मोकळी होते. पॅशिंजरला हे आवडलं असतं की नाही, यावर आमच्या बॅचमध्ये दोन तट आहेत.